व्रबनोवच्या पुतळ्यापुढं

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लिहायची सवय म्हणजे लग्नाची सुपारी घेताना कागदावर तारीख आणि गावाचं नाव टाकायचं, एवढीच. तरी हे लिहायला बसलोय, कारण परत आल्यापासून सोनईच्या पेठेत कुणीही भेटलं की विचारतं, "काय बघितलं रं फॉरेनात?" मी म्हणतो, "एक पुतळा बघितला." त्यावर समोरच्याचं तोंड उतरतं. "पुतळे आपल्याकडं काय कमी हायेत? त्याच्यासाठी इमानात बसायची काय गरज हुती?"

त्यांचंही बरोबर आहे. ही गोष्ट उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून बसून लिहितोय.

सोनईहून निघताना

मी लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. वडील वाजवायचे, त्यांच्या मागं मी लागलो आणि शाळा सुटली ती सुटलीच. आमचे मास्तर म्हणजे शिवराम मास्तर. बँड त्यांचा, शिकवण त्यांची, आणि माझ्या घरात चूल पेटते तीही त्यांच्यामुळं.

काही वर्षांमागं हिवाळ्यात सोनईच्या रस्त्यावर एका नवरदेवाच्या परण्याच्या मिरवणुकीमागं परदेशी पाहुण्यांची बस अडकली. आम्ही पुढं वाजवतोय, मागं ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमला. तेवढ्यात बसमधून एक गोरी बाई उतरली आणि थेट आमच्या ढोलाशेजारी येऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, भांडायला आली. पण ती मारुतीच्या देवळापर्यंत आमच्याबरोबर चालत आली, मोबाईलवर सगळं घेत. तिचं नाव हाना. चेक देशात व्रबनोव नावाच्या शहरात ती संगीताच्या शाळेत शिकवते. म्हणून आम्ही तिला हानाबाई म्हणायला लागलो, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

तिच्या शहराच्या चौकात एका संगीतकाराचा पुतळा आहे. दर उन्हाळ्यात त्या पुतळ्यापुढं ठिकठिकाणचे बँड जमतात. बाहेरून आलेल्या बँडनं आधी पुतळ्याला सलामी द्यायची, आपलं जे चांगलं असेल ते तिथं वाजवायचं, आणि मग बाकीचा मेळा, अशी तिथली रीत. हानाबाईनं आमचं नाव पुढं केलं तेव्हा तिथल्या कमिटीतले काही जण म्हणाले, ज्यांना कागदावरचं संगीत वाचता येत नाही ते आमच्या संगीतकारापुढं काय वाजवणार? ती म्हणाली, "ते त्यांचं वाजवतील. जबाबदारी माझी."

हे तिनं रफिकभाईंना फोनवर बोलता बोलता सांगितलं. रफिकभाई आमचे ट्रम्पेटवाले. तरुणपणी दुबईच्या एका हॉटेलात वाजवायला होते, त्यामुळं त्यांना इंग्रजी येतं. त्यांनी ते आम्हाला सांगितलं, आणि तिथून माझी झोप गेली.

कारण निघायच्या आधी थोडे महिने शिवराम मास्तरांना लकव्याचा झटका आला. तोंडाची एक बाजू गेली. क्लॅरिनेट फुंकायची तर ओठ आवळून धरावे लागतात, ते त्यांना जमेना. त्यांनी मला घरी बोलावलं. बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "सुदाम, म्होरं तू उभा ऱ्हा."

"मास्तर, मला न्हाई जमायचं."

"त्या बाईनं आपल्यासाठी शब्द टाकलाय. त्यो खाली पडू द्यायचा न्हाई. बास."

झालं. विमानातही तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. घरच्यांनी दिलेला चिवडा उघडला आणि तसाच परत बांधला. पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात होता आणि मी तो सारखा चाचपत होतो. शेजारी बाळू बसला होता, आमचा ढोलवाला. तो शेवटी वैतागला. "भाऊ, सारखा छातीला हात लावू नको. ती विमानातली पोरगी मघापासून तुझ्याकडं बघून ऱ्हायली. तिला वाटंल तुला अ‍ॅटॅक आला."

व्रबनोव, बुधवार

विमानतळावरून बसनं निघालो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती शेतं. ना बांध, ना बोरी-बाभळी. जमीन गोधडीसारखी वर-खाली होत गेलेली, आणि रस्त्याच्या कडेला चेरीची झाडं, लाल फळांनी लगडलेली. कुणी राखण करत नव्हतं. मग एक उंच धुराडं दिसलं आणि बाळू ओरडला, "आरं, कारखाना!"

खरंच साखर कारखाना होता. पण आजूबाजूला उसाचं कांडं नाही. हानाबाई म्हणाली, इथं साखर बीटापासून करतात. शेतात जी पालेभाजीसारखी हिरवी रांग दिसत होती ती बीटाची. कोपरगावकडं गळीत सुरू झालं की हवेलाच गोड वास येतो. तसा वास इथं येतो का, असं मी रफिकभाईंना विचारायला सांगितलं. ती नाक मुरडून हसली. म्हणाली, बीटाचा वास ओल्या मातीसारखा येतो, आणि दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

आमची सोय संगीताच्या शाळेच्या वसतिगृहात होती. पहिलं जेवण मात्र हानाबाईच्या घरी. दारात पायताण काढायची रीत तिथंही आहे, हे बघून मला फार बरं वाटलं. एवढ्या लांब येऊन एक तरी गोष्ट न चुकता करता आली. पण ते पाहुण्याला अनवाणी राहू देत नाहीत. दारामागं घरात घालायच्या सपातांची रांग असते, त्यातला एक जोड पाहुण्याच्या पायापुढं ठेवतात. हानाबाईनं प्रत्येकाचा पाय बघून जोड काढले. बाळूच्या मापाचं काही मिळेना. टाचा बाहेर ठेवून तो बदकासारखा आत गेला आणि वर म्हणाला, "सासुरवाडीला बी येवढा मान न्हाई मिळाला."

जेवायला वाफवलेल्या पावाचे जाड काप, त्यावर दाट रस्सा आणि बाजूला आंबवलेला कोबी. पाव रश्शात बुडवून खायचा, म्हणजे काला मोडल्यासारखंच. कोबी आंबट ढाण. रफिकभाईंनी हळूच खिशातून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढली. हानाबाईनं ती चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, तरी परत घेतली.

त्या दिवशी एकच वाईट झालं. आमचा ढोल आमच्याबरोबर आलाच नाही. कुठल्या तरी दुसऱ्या देशात उतरला. बाळूला जेवण गोड लागेना. "माझ्याआदी त्यानं जग बघितलं," एवढंच म्हणाला. गुरुवारी सकाळी ढोल आला तेव्हा त्यानं त्याला पोटाशी धरला.

गुरुवार, चौकात

दुपारी हानाबाई आम्हाला पुतळा दाखवायला घेऊन गेली.

मी मनात काय धरलं होतं सांगतो. उंच चौथरा, कठडा, वर छत्री, आणि मागं हार घालायला लोखंडी शिडी. आपल्याकडं पुतळा म्हणजे तसाच. जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या वस्तीतली माणसं पुतळा धुतात, तेव्हा पाण्याच्या बादल्या वर देताना माणसांची साखळी लागते.

हा पुतळा गुडघाभर दगडावर उभा होता. कठडा नाही, कुलूप नाही. काशाचा, काळपट हिरवा. अंगात लांब कोट, मान जरा खाली, आणि डावा हात पुढं केलेला, तळवा जमिनीकडं. ढोलवाल्याला "हळू घे" म्हणून मास्तर करतात तसाच हात. बायका त्याच्या पायाशी बसून आईस्क्रीम खात होत्या. एक लहान पोरगी त्याच्या बुटावर उभी राहून त्याच्या कोटाला लोंबकळत होती. त्या बुटाचं टोक पोरांच्या पायांनी पिवळंधमक झालं होतं.

माझा जीव खालीवर झाला. आपल्याकडं असं कुणी केलं तर गाव पेटेल. मी बूट काढले, पुढं झालो, दगडाला हात लावून नमस्कार केला. पोरगी उतरली आणि माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं आपल्या चपला काढून माझ्या बुटांशेजारी ठेवल्या.

हा संगीतकार इथल्याच एका बेकरीवाल्याचा मुलगा, असं हानाबाईनं सांगितलं. देवळासाठी त्यानं लिहिलं आणि नाचासाठीही लिहिलं, मोठ्या शहरांनी बोलावलं तरी गेला नाही. गावातली माणसं त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं "मिस्त्र" म्हणतात, म्हणजे मास्तर. त्याच्या नाचाच्या चाली लग्नात वाजतात आणि देवळातल्या चाली मयतीत. "आमच्या गावात," ती म्हणाली, "माणूस मिस्त्रच्या गाण्यावर येतो आणि मिस्त्रच्या गाण्यावर जातो."

हे रफिकभाईंनी मला मराठीत सांगितलं तेव्हा मी पुतळ्याकडं परत नीट बघितलं. लोक त्याच्या अंगाखांद्यावर का खेळतात, ते जरासं कळलं. देव्हाऱ्यातला देव वेगळा आणि घरातला म्हातारा वेगळा.

नगरहून आम्ही चंदनाचा हार नेला होता. शिडीची गरजच पडली नाही. बाळूनं दगडावर चढून तो त्याच्या गळ्यात घातला. चौकातल्या लोकांनी फोटो काढले. पुतळ्यासमोर संगीताची शाळा, शाळेला लागून एक जुनं पिवळं घर. त्या घराच्या खिडकीत एक म्हातारी उभी होती. तिनं हात हलवला नाही, पण बघत होती.

शुक्रवार

दुपारी तालीम होती. आमचे लाल कोट, सोनेरी दोऱ्या, टोप्या घालून आम्ही ओळीनं चौकात आलो. मी पुढं. क्लॅरिनेटच्या तोंडातली पत्ती तिथल्या कोरड्या हवेनं चिरली होती, म्हणून दुसरी काढून ती ओली ठेवायला तोंडात धरली होती.

चौकात पाऊल टाकलं आणि बाळू मागून म्हणाला, "भाऊ, वर बघ."

शाळेच्या मधल्या खिडकीतून एक भलामोठा काळा झेंडा सोडला होता. थेट पुतळ्याच्या समोर. खाली दारात काळ्या कपड्यांत माणसं उभी, हात पुढं बांधून. आम्हाला बघून बोलणं थांबलं. कुणी हसलं नाही, कालच्यासारखा मोबाईल कुणी काढला नाही.

"नेवाशाला मंत्री आला तवा असेच लावले हुते," रफिकभाई हळू बोलले.

"मंत्र्याला दाखवतात ते ठीक. आपन काय केलं?" बाळू चिडला. "न्हाई वाजवायचं तर सरळ सांगा म्हनावं. येवढं कापड कशाला?"

"तो हार," मी म्हणालो. "तू दगडावर चढलास. त्यांच्या पुतळ्याच्या गळ्यात आपण न विचारता हार घातला."

मला त्या क्षणी पूर्ण खात्री पटली. कमिटीतली जी माणसं नको म्हणत होती, तीच ही. हानाबाईनं भांडून आम्हाला आणलं आणि आता तिच्या शाळेवर तिच्याच लोकांनी काळा झेंडा लावला. पत्ती तोंडातून काढली. "चला माघारी," म्हणालो. चौक न ओलांडता आम्ही मागच्या गल्लीनं वसतिगृहावर आलो. वाद्यं पेटीत घातली. बाळूनं ढोलाला गवसणी घातली, तोंडातून शिवी काढली आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

थोड्या वेळानं हानाबाई आली. तीही काळ्या कपड्यांत. "तुम्ही निघून का गेलात? लोक तुमची वाट बघत होते."

मी रफिकभाईंना म्हटलं, सांगा त्यांना. आम्हाला राग नाही. पण लोकांना नको असेल तर आम्ही त्यांच्या पुतळ्यापुढं उभं राहणार नाही. तुम्हाला आमच्यामुळं खाली बघायला नको.

रफिकभाईंनी सांगितलं. तिनं विचारलं, "तुमच्याकडं काळा झेंडा म्हणजे काय?"

"निषेध," रफिकभाई म्हणाले. "परत जा, असं सांगणं."

हानाबाई खुर्चीवर बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडते का हसते ते कळेना. मग हळू बोलायला लागली. काळा झेंडा तिथं मयत झाल्यावर लावतात. शाळेचे म्हातारे गुरुजी गुरुवारी संध्याकाळी वारले. तिला त्यांनीच शिकवलं, अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलं. दर वर्षी सलामीच्या वेळी पुतळ्याच्या उजव्या अंगाला ट्रम्पेट घेऊन तेच उभे राहायचे. शाळेशेजारचं पिवळं घर त्यांचं. आदल्या दिवशी खिडकीतून बघत होती ती त्यांची बायको.

 बाळूनं भिंतीकडचं तोंड वळवलं. "आयला," एवढंच म्हणाला, आणि ज्या तोंडानं शिवी दिली होती त्यावर हात ठेवला. लाज सगळ्यांनाच वाटली. लोकांच्या घरात माणूस गेलेला, आणि आम्ही तो आमचा अपमान धरून बसलो होतो.

पण त्यामुळं माझी अडचण उलट वाढली.

"मग तर वाजवता येणारच न्हाई," मी म्हणालो.

हे हानाबाईला समजावायला वेळ लागला. आपल्याकडं लग्नाची मिरवणूक निघते आणि वाटेत एखाद्या घरात मयत झालेली असते. त्या गल्लीच्या तोंडाशी आला की बँड थांबतो. नवरदेव घोड्यावर, पाहुणे मागं, सगळे मुकाट्यानं ते घर ओलांडतात. ढोलाला काडी लागत नाही. गल्ली संपली की परत सुरू. शिवराम मास्तरांनी मला धून शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. पिकलं पान गळालं तर वाजत गाजत नेणारीही माणसं आहेत, पण ते त्यांच्या भजनी मंडळाचं काम. लग्नाचा बँड दुखवट्याच्या दारात फुंक मारत नाही. मी कधी मारली नाही.

हानाबाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "आमच्याकडं बँड शवपेटीमागून चालत जातो. उद्या कुणीच वाजवलं नाही तर लोक म्हणतील, गुरुजी गेले आणि संगीत घेऊन गेले." मग उठली. "पण मी जबरदस्ती करणार नाही. कमिटीला मी सांगते."

तिनं हे इतकं शांतपणे सांगितलं की मला जास्त लागलं. कमिटीला काय सांगणार ती? एवढ्या लांबून आणलेली माणसं आली आणि न वाजवता गेली? एका बाजूला तिचा शब्द, दुसऱ्या बाजूला मास्तरांची शिकवण. दोन्हींचं माझ्यावर ऋण, आणि मी मधे.

संध्याकाळ होती, पण तिकडं उन्हाळ्यात सूर्य लवकर जात नाही. खिडकीत ऊन तसंच. मी मास्तरांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं तो त्यांच्या कानाला धरला. सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं आता अर्धं समजतं, त्यामुळं मी फोन कानाला दाबून ऐकत होतो.

"ज्याच्या घरात दुख हाय," ते म्हणाले, "त्याला इचारलं का?"

"न्हाई."

"मग तू आन ती बाई कोन ठरवनार? वाजवायचं का न्हाई, ते त्या घरानं सांगायचं. टोपी काढून दारात जा."

शनिवार, पिवळं घर

दुखवट्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत. बाळूनं पहाटे उठून वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पिठलं केलं आणि आणलेल्या बाजरीच्या पिठाच्या भाकरी थापल्या. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगली नाही. "दुखाच्या घरची भाकर फुगलेली नसली तरी चालती," तो म्हणाला आणि डबा बांधून दिला.

मी, रफिकभाई आणि हानाबाई गेलो. दार आजींनीच उघडलं. बुटकी बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले. आत आरशावर दुखवट्याचं कापड टाकलं होतं. मी टोपी काखेत धरली, बूट काढले. आजी खाली वाकल्या आणि सवयीनं दारामागून एक जोड काढून माझ्या पायापुढं ठेवला. करड्या लोकरीच्या सपाता, टाचेकडं दबलेल्या.

त्या घरात दोनच जोड होते. एक त्यांच्या पायात होता.

ठेवल्यावर त्यांच्याही ध्यानात आलं. हात तिथंच राहिला, उचलेना. हानाबाईनं श्वास आत घेतला. मी काय करणार? पाय घालवेना, आणि नको म्हणावं तर पाहुणचार मोडतो. मी खाली बसलो, त्या सपातांना दोन्ही हात लावले, हात कपाळाला लावले, आणि तसाच अनवाणी उभा राहिलो. गुरुजी होते ते. आपल्याकडं गुरुजींच्या पायताणाला असंच करतात.

आजींनी माझ्या हाताला धरून आत नेलं.

डबा त्यांनी उघडला. हानाबाईनं त्यांना सांगितलं, यांच्या गावात अशा दिवशी घरात चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात. आजींनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, उभ्यानंच खाल्ला. मग दुसरा मोडला. हानाबाई रफिकभाईंच्या कानाशी काहीतरी बोलली. रफिकभाई म्हणाले, "काल सकाळधरनं त्यांनी काही खाल्लं नव्हतं म्हणते."

मग मी विचारलं. मी मराठीत बोललो, रफिकभाईंनी ते इंग्रजीत केलं, हानाबाईनं त्यांच्या भाषेत. "आजी, तुमच्या दारासमोर आम्हाला वाजवायला सांगितलंय. तुम्ही न्हाई म्हणालात तर आम्ही न वाजवता हात जोडून जाऊ. त्यात कुणाचा कमीपणा न्हाई."

आजींनी विचारलं, "तुम्ही माणूस गेल्यावर काय वाजवता?"

"काहीच न्हाई. आम्ही लग्नाची माणसं. मयतीची धून आमच्याकडं न्हाईच."

"लग्नात शेवटी काय वाजवता?"

मी रफिकभाईंकडं बघितलं. "पाठवणी," ते म्हणाले, आणि इंग्रजीत समजावलं. लग्न लागतं, जेवणं होतात, मग मुलगी आईबापाचा उंबरा सोडून निघते. तेव्हा ढोल जवळजवळ बंद असतो. एकटा क्लॅरिनेट पुढं.

आजी खिडकीशी गेल्या. पुतळ्याकडं बघत राहिल्या. मग एक वाक्य बोलल्या. हानाबाईला ते सांगता येईना, दोनदा सुरुवात करावी लागली. "त्या म्हणतात, ते नेहमी म्हणायचे की रडकं वाजवू नका. तुमची ती पाठवणी वाजवा."

शनिवार, दुपार

आमची रीतही मोडली नाही. गल्लीच्या तोंडापासून पुतळ्यापर्यंत आम्ही काही न वाजवता चालत आलो, टोप्या हातात धरून. चौक भरला होता, तरी आमच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता. तिथले वादक पुतळ्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते आणि उजव्या अंगाला एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. रफिकभाईंना तिथं उभं राहायला खुणावलं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान हलवली आणि त्या जागेच्या एक पाऊल मागं उभे राहिले.

हानाबाई कमिटीच्या माणसांमध्ये होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पिवळ्या घराचं दार उघडं, दारात आजी.

पहिला सूर फाटला. नवी पत्ती, सुकलेलं तोंड. कमिटीतला एक जण शेजारच्याकडं वळला, मी ते बघितलं. डोळे मिटून घेतले आणि परत घेतला. या वेळी सूर लागला. पुढं मला काही करावं लागलं नाही, वर्षानुवर्षं बोटांत बसलेली धून आहे ती. बाळूनं काड्या ठेवून दिल्या आणि ढोलावर नुसती बोटं टेकवत राहिला. रफिकभाईंचं ट्रम्पेट खालून आलं, अगदी बारीक.

पाठवणीचा आमचा एक नियम आहे. मुलगी गाडीत बसली की धून धरायची, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत सोडायची नाही. बाप रस्त्यात उभा असतो. त्याला एकदम शांतता सोसत नाही. गाडी दिसेनाशी झाली की मास्तर क्लॅरिनेट तोंडापासून काढतात आणि सगळे थांबतात.

इथं गाडी नव्हती. धून संपली, मी ती परत वरून घेतली. दुसऱ्यांदा संपली. कधी थांबायचं तेच मला कळेना. तिसऱ्या वेळेला तिथल्या वादकांतल्या एका म्हाताऱ्यानं आपलं वाद्य वर उचललं आणि कान देत देत आमच्या सुराखाली सूर धरला. मग आणखी एकानं. त्यांच्यापुढं कागद नव्हता, आमच्यापुढंही नव्हता. ओठ बधिर झाले. घामानं कोटाची कॉलर भिजली होती. मागून बाळू हळूच म्हणाला, "भाऊ, दम हाय का?" मी मान हलवली आणि आजींकडं बघत राहिलो. त्या पुतळ्याकडं बघत नव्हत्या, आमच्याकडंही नाही. त्या मोकळ्या जागेकडं बघत होत्या. तोवर कसं सोडणार?

किती वेळ वाजवलं, ते मला सांगता येणार नाही. शेवटी आजींनी कोटाची वरची गुंडी लावली. चौकाकडं बघून एकदा मान झुकवली, वळल्या, आत गेल्या. दार सावकाश लागलं.

मी क्लॅरिनेट तोंडापासून काढला.